लाभ, दोन, तीन

१

खटकचिंचोळीच्या आठवडी बाजारात अंबाजी मापाड्याच्या मापावर कुणी दुसरं माप लावून बघत नसे. ज्वारीची रास केवढीही असो, अंबाजी उकिडवा बसायचा, पायली भरायचा, वरचा ढीग काठीनं सपाट करायचा आणि पोत्यात ओतताना मोठ्यानं म्हणायचा, "लाभ!" मग दोन, मग तीन. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायची चाल नव्हती. एक म्हणजे एकटा, आणि धान्याच्या तोंडावर तसलं अभद्र कोण बोलेल? भरताना एकदा मोजायचं, ओतताना पुन्हा मोजायचं आणि दोन्ही आकडे जुळले तरच पोत्याचं तोंड बांधायचं. शेवटी ज्याचं धान्य त्यानं आपण होऊन एक पायली जादा घालायची. तिला वरचं माप म्हणत. लाभ म्हणून सुरुवात केली की वरचं माप चुकत नसे.

अशा बापाच्या पोटी श्रीपती जन्मला आणि हैदराबादच्या कॉलेजात हैवानियात, म्हणजे प्राणिशास्त्र, शिकायला गेला. बाजारात कौतुक झालं. पोरगा जनावरांचा डॉक्टर होणार असं लोकांनी ठरवून टाकलं. खरं तर पोरगा पाण्यातले किडे मोजायला शिकत होता, पण ते सांगायची सोय नव्हती.

त्याचे प्रोफेसर नक्वी साहेब तळ्यांचे वेडे होते. "हर तालाब एक बस्ती है, मियाँ," ते म्हणायचे. "कौन किस मंज़िल पे रहता है, क्या खाता है, किससे डरता है, सब लिखो. मगर जो देखा, वही लिखो." वर्गातला प्रत्येकजण दर आठवड्याला शहराबाहेरच्या एका तळ्यावर जाऊन खोली, उष्णता आणि गढूळपणा मोजून आणायचा. एका आठवड्यात श्रीपतीला क्रिकेटचा सामना बघायचा होता. त्यानं खोलीत बसून आकडे लिहिले. खोली नऊ हात, पाणी नितळ.

त्याच आठवड्यात बंधाऱ्याची मोरी दुरुस्त करायला ते तळं रिकामं केलेलं होतं. श्रीपतीनं नऊ हात पाणी लिहिलं तिथं म्हशी चिखलात बसल्या होत्या. वर्ग पोट धरधरून हसला, आणि हसणं हां हां म्हणता खटकचिंचोळीपर्यंत पोचलं. अंबाजी फक्त दोन शब्द बोलला. "मापात पाप." त्या दिवसापासून त्यानं पोराशी बोलणं टाकलं.

नक्वी साहेबांनी एक शेवटची संधी दिली. एकच तळं, पूर्ण उन्हाळा, दर आठवड्याला एक कार्ड. एक आकडा जरी खोटा निघाला तरी नाव कटलं. श्रीपतीला पदवीची होती त्याहून जास्त ओढ होती बापाच्या तोंडून एक शब्द ऐकायची.

२

फरवरदी महिन्यात, म्हणजे माघ सरता सरता, तो खजुरीच्या पलीकडच्या हिरेकेरीवर येऊन राहिला. कानडीत हिरेकेरी म्हणजे थोरलं तळं. बंधाऱ्यावर पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची रिकामी खोली होती, तीत त्यानं बाटल्या, मलमलची जाळी आणि सूक्ष्मदर्शक मांडला. खालच्या वस्तीतली बाणूबाई दोन वेळच्या भाकरी द्यायची आणि तिचा नवरा रेवणप्पा त्याला पाण्यात न्यायचा. मूळचा मेंढरांमागचा माणूस. मेंढरं गेली, शेतावर मजुरी आली, आणि गुऱ्हाळातली एक जुनी काहील त्याच्या वाट्याला आली. उसाचा रस उकळायची ती भली थोरली लोखंडी कढई हीच त्याची नाव.

"बुडंल का रे ही?" श्रीपतीनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"गूळ हिच्यात बुडत न्हवता, तुमी कामून बुडाल?" रेवणप्पा म्हणाला. "फकत उठून हुबारू नगा."

काम साधं होतं. अंबाडीचा एक लांब दोर. त्याच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी पांढरी तबकडी आणि तिच्याखाली शिशाचं वजन. दोराला हात-हातावर गाठ, एकूण वीस. दोराचं दुसरं टोक काहिलीच्या कडीला. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, तबकडी पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी झाली की थांबायचं, थोडी वर घ्यायची, दिसली की पुन्हा खाली, असं दोनदा करून आकडा घ्यायचा. पाणी किती नितळ ते त्यावरून कळतं. मग वजन तळाला टेकवायचं, दोर ताणायचा आणि ओढताना गाठी मोजायच्या. सोडताना दोर सैल असतो, म्हणून नक्वी साहेब वर येतानाचाच आकडा धरायचे.

पण श्रीपती मापाड्याचा पोर. तो सोडतानाही मोजायला लागला. गाठ काठावरून घसरली आणि तोंडातून सवयीनं निघालं, "लाभ."

काहिलीच्या बुडाला खालून ठण् वाजलं. एकदाच.

रेवणप्पानं वल्हं थांबवून त्याच्याकडे बघितलं. "काय म्हनलाव?"

"काही न्हाई. मोजायलोय." दगड लागला असेल, असं श्रीपतीला वाटलं. तळ्याच्या मधोमध कुठला दगड, हे त्याच्या मनात आलं नाही. नऊ गाठींना तळ लागला. त्यानं दोर ताणला आणि ओढायला सुरुवात केली. तबकडी वर आली तेव्हा तो दहा म्हणत होता.

३

नऊ की दहा? नियमाप्रमाणे वर येतानाचा आकडा खरा. त्यानं कार्डावर दहा लिहिलं आणि मनातून मात्र बेचैन झाला. संध्याकाळी खोलीत दोर पसरून त्यानं गाठी मोजल्या. एकवीस भरल्या. आपणच बांधताना चुकलो असू, असं त्यानं स्वतःला समजावलं. वीस आणि एकवीस, डोळ्याला काय कळतं? हे त्यानं चार वेळा समजावलं, म्हणजे ते पटलेलं नव्हतं.

दोर खुंटीला टांगला तो तीन दिवस वाळला नाही. बाहेर अंगाची लाही होत होती, बाणूबाईच्या वळचणीच्या मिरच्या कडकडीत वाळल्या, आणि खोलीत बसून तो बाटलीतले पिसवांसारखे जलकीटक मोजू लागला की मागून टप् व्हायचं. मग बराच वेळ काही नाही. त्याचं मोजणं बरोबर तेव्हाच चुकायचं.

दुसऱ्या आठवड्यात घाटाची एक पायरी उघडी पडली होती. पाणी अर्धा हात उतरलं होतं. श्रीपतीनं ‘लाभ’ म्हणून दोर सोडला, नववी गाठ जेमतेम काठावरून गेली आणि तळ लागला. वर ओढताना अकरा गाठी आल्या.

या वेळी तो काहिलीतच गाठी तपासत बसला. अंबाजी पोत्याचं तोंड एका खास गाठीनं बांधायचा. कितीही ओढा, सुटत नाही. सुटं टोक उजवीकडे एकदा हिसडलं की झटक्यात मोकळी. श्रीपतीच्या सगळ्या गाठी तशाच होत्या, फक्त तीन सोडून. एक तर नुसता गुंता होता, पहिल्यांदा बुटाची नाडी बांधणाऱ्या पोरानं बांधावी तसा. बाकीच्या दोन जरा बऱ्या होत्या, पण उलट्या. त्यांची सुटी टोकं डावीकडे होती.

आणि दोराला कुठेही जोड नव्हता. तोच अंबाडीचा पीळ, तीन हातांनी लांब झालेला.

"रेवणप्पा, या दोराला कुणी हात लावला का?"

"कोन लावंल? त्यो वला दोर बघूनच आमची बानू म्हनली, मी त्या खोलीत येत न्हाई. भाकर दारात ठिवून येती." त्यानं वल्ह्यानं पाणी मारलं. मग दुसरीकडे बघत म्हणाला, "श्रीपतराव, एक सांगू का? तुमी त्ये लाभ नगा म्हनू. पान्यावर एक म्हनत्यात."

"कामून?"

"कामून म्हंजे? रास तुमच्या दारात असती, म्हनून तुमी लाभ म्हनताव. हितं तुमच्या दारात हाय का?" त्यानं काहील काठाकडे वळवली. "आमी एकच म्हनताव. बाप बी एकच म्हनायचा."

श्रीपती हसला. शिकलेल्या माणसानं हसायचं असतं तसा. खोलीवर जाऊन मात्र त्यानं आपल्या प्रत्येक गाठीवर लाल शाईचा ठिपका दिला.

४

तिसऱ्या आठवड्यात पाणी आठ हातांवर आलं होतं. खालच्या थरातून काढलेली मलमलची जाळी रिकामी आली. एक किडा नाही, एक शेवाळाचा धागा नाही. वरच्या दोन हातांत मात्र एवढी गर्दी की बाटलीतलं पाणी हलताना दिसत होतं. खालच्या मजल्यावरची सगळी वस्ती वर येऊन दाटली होती. किससे डरता है, ते लिहायचा रकाना त्यानं कोरा ठेवला.

रेवणप्पाचं सांगणं त्याच्या ध्यानात होतं. पण जीभ ही काय सांगून ऐकणारी वस्तू आहे? चार वर्षांचा असल्यापासून बापाच्या मांडीशी बसून मोजलेलं. "लाभ" निघूनच गेला, आणि खालून ठण् झालं.

उतरताना आठ. चढताना बारा.

नव्या चार गाठी त्यानं मांडीवर घेऊन बघितल्या. पहिल्या तीन उलट्या बांधलेल्या, पण नीटनेटक्या. चौथी हुबेहूब त्याची होती. सुटं टोक उजवीकडे. तिच्यावर लाल ठिपकासुद्धा होता. त्यानं तो अंगठ्यानं पुसला. तो शाईसारखा लागला नाही आणि निघालाही नाही.

सरळ सांगायचं तर त्याला भीती वाटली. तरी त्यानं कार्डावर बारा लिहिलं. जो देखा, वही लिखो. मागच्या वर्षी न बघता लिहिलं म्हणून तोंड काळं झालं होतं. आता बघितलेलं नाही लिहायचं, म्हणजे पुन्हा तेच की.

पाचव्या दिवशी खजुरीच्या टपालात नक्वी साहेबांचं पत्र आलं. उर्दू अक्षर नेहमीसारखं सुंदर होतं. तुझ्याच कार्डांत लिहिलं आहेस की घाटाच्या दोन पायऱ्या उघड्या पडल्या. म्हणजे पाणी उतरतंय. आणि खोली दहा, अकरा, बारा, म्हणजे पाणी वाढतंय. खोटं लिहायचं तर निदान विचार करून लिहावं. जुम्म्याला कॉलेजला सुट्टी आहे, मी स्वतः येतो. आकडे जुळले नाहीत तर तुझं नाव तिथंच खोडीन.

५

त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि सकाळ होताच त्यानं जे करायला हवं होतं ते केलं. रेवणप्पाला बोलावून काहील मधोमध नेली आणि दोर सोडताना जिभेला आवर घालून म्हणाला, "एक."

ठण् वाजलं नाही. उतरताना आठ, चढताना आठ. पुन्हा केलं. आठ आणि आठ. तिसऱ्यांदा, तेच.

रेवणप्पाच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बगा! मी म्हनलो न्हवतो? आता सायेब आले की आसंच मोजा. आट म्हंजे आट."

श्रीपतीला मात्र रडू यायचं बाकी होतं. कारण आता सगळं उलगडलं होतं आणि उलगडून काही उपयोग नव्हता. लाभ म्हटलं की देणाऱ्यानं वरचं माप घालायचं, हा रिवाज त्याला कुणी शिकवायला नको होता. तो इथंही कुणीतरी पाळत होतं. मागायची चूक त्याची, देणारा आपल्या मापाला चोख. आणि आता ‘एक’ म्हणून आठ दाखवले तर दहा, अकरा, बारा ही तिन्ही कार्डं खोटी ठरत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पै न पै खरं लिहिलं होतं, आणि त्याच्याच पायी नाव जाणार होतं.

"रेवणप्पा, साहेबापुढं एकदा मला लाभ म्हणू दे."

रेवणप्पाचं हसू गेलं. "मग तुमी आनि तुमचं नशीब. माजी काहील न्हाई मिळायची."

"मग एकच म्हणतो."

"शपत घ्या."

"बापाच्या मापाची शपथ," श्रीपती म्हणाला. त्याहून मोठी शपथ त्याच्याजवळ नव्हती.

६

नक्वी साहेब गुलबर्ग्यापर्यंत रेल्वेनं, आळंदपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं आले. गुडघ्यांनी साथ सोडलेली, त्यामुळे काहिलीत बसायचा प्रश्नच नव्हता. ते बंधाऱ्यावरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसले, गळ्यात दुर्बीण, मांडीवर श्रीपतीची तीन कार्डं. घामानं शेरवानी भिजली होती पण आवाज थंड होता.

"ऊँची आवाज़ में गिनो, मियाँ. मुझे यहाँ सुनाई दे."

दुपार टळटळीत होती. काहील मधोमध गेली. बंधाऱ्याच्या टोकाला बाणूबाई पदर तोंडाला लावून उभी होती. श्रीपतीनं ओरडून मोजलं. एक, दोन, तीन. तळ लागला. वर ओढलं. आठ.

लिंबाखालून आवाज आला, "आठ! तो यह बारह क्या है?"

श्रीपतीनं तबकडी पायाशी ठेवली.

"यह दस? यह ग्यारह? कहो, कहाँ बैठ के लिखा?"

पाण्यावरून आवाज फार स्पष्ट येतो. बाणूबाईनं तो ऐकला, गाडीवानानं ऐकला. उद्या खजुरीत कळेल, परवा खटकचिंचोळीत. श्रीपतीला बापाचं न बोलणारं तोंड दिसलं. साहेबांनी कलम उघडलं, तेही दिसलं.

"साहेब, एक वेळ! फक्त एक वेळ बघा!" तो ओरडला आणि तबकडी पाण्यात सोडली. रेवणप्पा "नगा" म्हणेपर्यंत त्याच्या तोंडून शब्द गेला होता. "लाभ!"

ठण्.

आठ गाठींना तळ लागला. तो ओढू लागला, मोजू लागला. आठ. नऊ. बारा आले तेव्हा त्याला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. सोळा आले तेव्हा तो ओरडून मोजत होता आणि घामानं डोळे मिटत होते. सगळ्या गाठी उजव्या, सगळ्यांवर लाल ठिपका. एकवीस. ओला दोर त्याच्या मांडीवर, पायावर, काहिलीच्या बुडात साचत चालला. सव्वीस.

"श्रीपतराव, काठ बगा," रेवणप्पा म्हणाला. अगदी हळू म्हणाला.

काहिलीचा काठ पाण्यापासून चार बोटांवर होता. हातभर असायचा. जेवढा लाभ वर येत होता तेवढी काहील खाली जात होती.

एकतिसाव्या गाठीला तबकडी आली. त्यानं ती पायाशी ठेवली आणि वजन उचललं. वजनापाशी दोर संपायला हवा होता. तो वजनाच्या कडीतून पुढं, परत पाण्यात, सरळ खाली गेला होता.

श्रीपतीनं काठावरून वाकून बघितलं. खाली, दिसतं न दिसतं तिथं, ताटाएवढं पांढरं काहीतरी होतं. ते दिसेनासं झालं. थोडा वेळ गेला. ते पुन्हा दिसलं, मग पुन्हा दिसेनासं झालं. दोनदा. बरोबर तो दर दुपारी करायचा तसं.

कुणीतरी खालून त्यांचा आकडा घेत होतं.

मग दोर उलटा, परत पाण्यात, चालू लागला. त्याच्या हातातून नाही, काठावरून, सावकाश, आणि काठावरून गाठ घसरली की काहील वाजायची. ठण्. मग ठण् ठण्. मग तीन. माप आता दुसऱ्याच्या हातात गेलं होतं.

"सोडा त्यो दोर! सोडा, बानू बगायलीय!" रेवणप्पा रडत होता. काहील खाली ओढली जात होती, काठ दोन बोटं उरला होता. या दोराशिवाय साहेबांपुढं ठेवायला श्रीपतीजवळ काहीही नव्हतं, हे त्याला त्या क्षणीही कळत होतं, आणि रेवणप्पाच्या तोंडाकडे बघून त्यानं कडीच्या गाठीला हात घातला. सुटं टोक धरून उजवीकडे हिसडलं. सुटलं नाही. पुन्हा हिसडलं. ही गाठ त्यानं स्वतः बांधलेली, डोळे मिटून सुटायला हवी होती. पाणी काठावरून पहिल्यांदा आत आलं, चहाच्या बशीएवढं.

त्यानं टोक डावीकडे हिसडलं. गाठ झटक्यात मोकळी झाली आणि दोर, तबकडी, वजन, सगळं त्याच्या मांडीवरून घसरत पाण्यात गेलं. काहील वर उसळली.

बंधाऱ्यावर पोचल्यावर रेवणप्पा मागं न बघता घराकडे चालता झाला. नक्वी साहेब उभे होते.

"रस्सी कहाँ है?"

"सोडली, साहेब. पण तुम्ही बघितलं ना? एकतीस..."

साहेबांनी दुर्बीण गळ्यातून काढून नीट पिशवीत ठेवली. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. "मैंने आठ देखा. आठ के बाद तुम्हारे हाथ में कुछ नहीं था, श्रीपत. तुम ख़ाली हाथ खींच रहे थे और गिन रहे थे."

त्यांनी कार्डावरचं नाव एका रेघेनं खोडलं. श्रीपतीनं आपले तळवे बघितले. ते ओले होते आणि त्यांत अंबाडीची कुसं रुतली होती. ते त्यानं साहेबांना दाखवले नाहीत.

७

खटकचिंचोळीत कुणी त्याला फार विचारलं नाही. हसून झालेलं होतं. अंबाजीनंही विचारलं नाही. पहिल्या बाजारच्या दिवशी त्यानं पायली पोराच्या पुढं सरकवली आणि स्वतः शेजारी बसला. हात कापायला लागले होते म्हाताऱ्याचे. एवढंच काम उरलं होतं, आणि श्रीपतीला ते गोड वाटलं. इथं उन्हात तापलेली जमीन होती, चारी बाजूंना माणसं होती, आणि पाणी म्हणजे मल्लप्पाच्या पाणपोईच्या रांजणातलं तेवढंच.

पहिली रास राजूबाईची होती. श्रीपतीनं पायली भरली, सपाट केली, पोत्यावर नेली आणि म्हणाला, "एक."

सगळा बाजार थांबला. राजूबाईनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! वरीसभर राबलो, आनि ह्यो एक म्हनायलाय!"

"लाभ म्हण," अंबाजी खेकसला. वर्षातला पोराशी बोललेला पहिला शब्द. "कॉलेजात इसरलास का?"

श्रीपतीनं बापाकडे बघितलं. मग पायलीकडे. मग म्हणाला.

पायलीच्या बुडाला ठण् वाजलं. खडा असेल, असं जवळच्या माणसांना वाटलं असावं.

राशीतून भरताना वीस झाल्या. पोत्यात ओतताना एकवीस. राजूबाईनं अजून वरचं माप घातलंही नव्हतं. अंबाजीच्या कपाळाला आठी पडली. त्यानं एकविसाव्या पायलीत हात घातला आणि बाहेर काढून बघत राहिला. ज्वारी ओलीचिंब होती. बाजारात धान्यावर पाणी मारून माप फुगवणारे असतात, आणि त्यांना काय म्हणतात ते या बापलेकांना कुणी सांगायला नको होतं. म्हातारा ती ज्वारी धोतराच्या सोग्यावर उन्हात पसरू लागला.

"बाबा, मी नाही काही केलं," श्रीपती म्हणाला. अंबाजीनं मान वर केली नाही.

दुसऱ्या राशीला तेच झालं. दोन जादा. या खेपेला दाणे फक्त सर्द होते, तळहाताला गार लागतील एवढे. लोकांच्या ते ध्यानात आलं नाही. त्यांच्या ध्यानात जादा पायल्या आल्या. बाजारात कुजबुज पसरली. अंबाजीच्या पोराच्या हाताला बरकत आहे. बघता बघता दहा-बारा शेतकरी आपापली पोती ओढत याच बाजूला आले.

तिसरी रास संपली. चार पायल्या जादा भरल्या. अंबाजीनं शेवटच्या पायलीत कोपरापर्यंत हात घातला, बुडाचे दाणे मुठीत घेतले, तोंडात टाकून फोडले. कटकन वाजले. त्यानं डोळे मिटले आणि रोखलेला श्वास सोडला.

"कोरडी हाय," तो म्हणाला. "येकदम कोरडी हाय रे पोरा."

आणि वर्षभरानंतर अंबाजी पोराकडे बघून हसला. डोळ्यांत पाणी आलं होतं म्हाताऱ्याच्या. त्यानं रिकामी पायली पुसून पुन्हा श्रीपतीच्या हातात दिली. समोर चौथी रास ओतून तयार होती आणि ती आतापर्यंतच्या सगळ्यांत मोठी होती. श्रीपती बसला होता तिथली जमीन त्याच्या पायाखाली चार बोटं खचल्यासारखी त्याला वाटत होती, पण तो उठला नाही. बाप त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसला होता.

"म्हण," अंबाजी प्रेमानं म्हणाला. "लाभ म्हण."